राखून ठेवलेला गाल

सैनशांद स्टेशनात गाडी लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक ठेंगणा माणूस डब्यांच्या कडेनं चालत जायचा आणि एकेका चाकावर ठोका मारून कान देऊन ऐकायचा. चाक धड असेल तर आवाज खणखणीत येतो, तडकलेलं असेल तर बद्द. हा माणूस म्हणजे आमचे चोइजिल दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचा, म्यादगताईचा नवरा. सबंध नोकरी त्यांनी याच फलाटावर काढली. प्रत्येक चाकाला ते गावातल्या कुणाचं तरी नाव देत. हे चाक शाळेतल्या बाईंसारखं खोकतं, ते चाक माझ्या सासऱ्यासारखं कुरकुरतं, असं त्यांचं चाललेलं असायचं. त्यांचा सासरा म्हणजे माझा बाप. यावरून मी त्यांच्याशी कितीतरी वेळा भांडले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मी तुंगा. मला गोडगोड बोलता येत नाही, तेव्हा आधीच सांगते, दाजी काही साधुपुरुष नव्हते. पत्त्यांत फसवायचे, घोरायचे, तोच तो विनोद पुन्हा सांगायचे आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे. पण कुणाचा उंट भरकटला, कुणाची चूल धुमसायला लागली की लोक आधी त्यांच्या दारात यायचे. ते ‘बघू उद्या’ म्हणायचे आणि लगेच निघायचे. ताई आणि ते एका वर्गात शिकलेले, त्यामुळे दोघं एकमेकांना अरेतुरे करत आणि दिवसभर तंडत. ज्या दिवशी त्या घरातून आवाज येत नसे, त्या दिवशी शेजारी चौकशीला जात.

दाजींचा खरा जीव होता तो मेंढीच्या घोट्याच्या हाडांच्या खेळात. मांडीवर लाकडी पट्टी ठेवायची, तिच्यावर शिंगाची चकती, आणि मधल्या बोटाच्या टिचकीनं ती समोर मांडलेल्या हाडांवर सोडायची. नेमबाजाचा हात स्थिर राहावा म्हणून बाकीचे गडी मागं बसून एक लांब सूर धरतात. दाजी रेल्वेच्या संघाचे नेमबाज होते आणि त्यांची चकती चुकली असं फारसं कधी घडत नसे. त्या वर्षी थंडीतल्या सामन्यांत ती चुकायला लागली. एकदा नाही, सारखी, आणि दर वेळी उजवीकडूनच जायची. समोरचा संघ होता ताईच्या चुलतभावाचा. मग काय, लोकांना निमित्तच मिळालं. सासरवाडीला जिंकवतोय, चोइजिल बायकोला घाबरतो, असं जो तो बोलायला लागला. दाजीही त्यांच्याबरोबर हसले. घरी येताना मात्र ते सारखे आपल्या बोटाकडं बघत होते.

त्यात जेवणाची भानगड सुरू झाली. ताई खिमा भरून वाफवलेले बूझ ताट भरून पुढं ठेवायची. दाजी उजवीकडचे चट्टामट्टा करायचे, डावीकडचे तसेच सोडून उठायचे. आमच्यात ताटात टाकणं म्हणजे घरच्या बाईच्या तोंडावर थुंकण्यासारखं. ताईनं चार दिवस कळ काढली आणि मग माझ्याकडं येऊन फणफणली. तिला वाटत होतं की स्टेशनातल्या खानावळवालीनं तिच्या नवऱ्याला जेवायला लावलंय. मी तिला म्हटलं, तुझा नवरा त्या खानावळवालीचं नूडलचं सूप बघून नाक मुरडतो, तो तिथं कशाला जेवेल. ताईला ते पटलं नाही. एकदा तिनं रागानं ताट गर्रकन फिरवून परत पुढं ढकललं. दाजींनी ‘अरे, अजून होते?’ म्हणून उरलेलेही आनंदानं संपवले. ताईला वाटलं, हा आपली थट्टा करतोय. मग एक दिवस दाजी उजवा गाल तुळतुळीत आणि डाव्या गालावर खुंट तसेच ठेवून कामावर गेले. दिवसभर फलाटावर हसणं चाललं होतं आणि दाजींना कळेना, लोक कशाला हसतायत.

आणि मग नवं वर्ष आलं. पांढऱ्या महिन्याच्या पहिल्या सकाळी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला भेटायचं. धाकट्यानं दोन्ही हात पुढं करून थोरल्याच्या कोपरांना खालून आधार द्यायचा, थोरल्यानं त्याचे गाल हुंगायचे. आमच्याकडं लहान पोरालाही हे शिकवावं लागत नाही. दाजींची आई, देजिद आई, ऐंशीच्या पुढची, पण ताठ. ती नवा निळा अंगरखा घालून बसली होती. भाऊबंद दाटीवाटीनं उभे होते. दाजी पुढं झाले आणि त्यांनी एकच हात पुढं केला, उजवा. डावा खाली लोंबत राहिला.

देजिद आईचा धाकटा भाऊ, दाजींचा मामा, तडक उठून बाहेर गेला. पन्नाशीच्या लेकानं आईला एका हातानं भेटावं, म्हणजे एक तर तो प्यालेला किंवा माजलेला. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. दाजी आपले हसऱ्या तोंडानं उभे, आपलं काय चुकलं याचा त्यांना पत्ताच नाही. देजिद आईनं खाली बघितलं, तो लोंबणारा हात स्वतःच्या हातानं उचलला आणि आपल्या कोपराखाली ठेवला. मग तिनं लेकाचे दोन्ही गाल हुंगले आणि म्हणाली, “चहा घ्या सगळ्यांनी, निवतोय.”

त्या दिवसापासून घरात कुणी थट्टा केली नाही. आणि आमच्या माणसांनी जे करायचं तेच केलं, आधी हाडवैद्याकडं गेलो. पोरगं पडलं, डोक्याला टेंगूळ आलं, की आमच्यात म्हणतात मेंदू हलला, आणि हलला असेल तर तो जागेवर बसवायला हाडवैद्य असतो. यानंही कपाळावरून कानापर्यंत दोऱ्यानं मोजलं, दोन्ही बाजू ताडून बघितल्या, मेंदू उजवीकडं सरकलाय असं सांगितलं, डोक्याला फडकं करकचून बांधलं आणि तळपायांवर लाकडी ठोकळ्यानं ठोकलं. दाजींना ते फार आवडलं. ते म्हणाले, जन्मभर मी चाकं ठोकली, आज कुणी मला ठोकतंय. दोन दिवस त्यांना बरंही वाटलं. तिसऱ्या दिवशी फलाटावर त्यांचा डावा हात आपोआप उडायला लागला, हातोडी रुळांत पडली आणि तिच्यापाठोपाठ तेही पडले.

राजधानीत, उलानबातारच्या दवाखान्यात त्यांच्या डोक्याचं चित्र काढलं. एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की उजवीकडं मागच्या बाजूला गाठ आहे आणि ती चांगल्या जातीची दिसत नाही. जगाची डावी बाजू ध्यानात ठेवणारी जागाच तिनं गिळली आहे. त्यांना दिसतं, पण डावीकडं काही आहे याची आठवणच राहत नाही. ताईनं विचारलं, ताटातली डावी बाजूसुद्धा? डॉक्टरीण हो म्हणाली. मग माझी बहीण तिथंच खाली बसली आणि खानावळवालीच्या नावानं जे बोलली होती ते आठवून रडली.

आमच्याकडं आजार मोठा म्हटला की माणसं कोरियातल्या सोलचं नाव घेतात. मी तिथं पडद्यांच्या कारखान्यात पुष्कळ वर्षं काढलेली, भाषा येते, तेव्हा मी बरोबर जायचं हे कुणी विचारलंसुद्धा नाही. दाजींनी जीप विकली, संघातल्या गड्यांनी उरलेलं जमवलं, आणि आम्ही निघालो.

निघायच्या सकाळी सगळा फलाट भरला होता. देजिद आई दुधाची बादली आणि लाकडी पळी घेऊन आली होती. वाटेला लागणाऱ्याच्या मागं दूध शिंपडतात, वाट पांढरी व्हावी म्हणून. तिनं लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि उजवा गाल हुंगला. फक्त उजवा. दूर जाणाऱ्या लेकराचा एकच गाल हुंगायचा, दुसरा तो परत आल्यावर, हे आमच्यात फार जुनं आहे. दाजींनी मात्र डावा गाल पुढं केला आणि म्हणाले, “आई, हाही उरकून टाक. पुन्हा कशाला त्रास.”

स्टेशनमास्तरासकट सगळ्यांचे चेहरे उतरले. असलं तोंडातून काढत नाहीत. देजिद आईनं ओली पळीच त्यांच्या खांद्यावर हाणली. “हा माझ्याकडं ठेव आहे,” ती म्हणाली. “आलास की घेईन. आणि तुला यायलाच पाहिजे.”

गाडी हलली तरी दाजी खिडकीतून खांद्यावरचं दूध दाखवत हसत होते.

सोलमधले डॉक्टर सोक हे बारीक चणीचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं आणि सांगितलं की गाठीच्या दाबानं मेंदूची मधली रेघ डावीकडं सरकली आहे. हे भाषांतर करता करता मला हसू फुटलं. डॉक्टर चपापले. मग मी त्यांना आमच्या हाडवैद्याची गोष्ट सांगितली. दाजी म्हणाले, डॉक्टरांना सांग, आमच्यावाल्यानं उजवीकडं सांगितलं होतं, बाजू चुकली पण हललाय हे बरोबर होतं. डॉक्टर सोकनी गंभीरपणे विचारलं की त्यानं तळपाय का ठोकले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ढकलगाडीवर घातल्यावर दाजींनी उजवा हात खाली घालून गाडीच्या चाकावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान दिला आणि म्हणाले, चाक धड आहे, सोडा गाडी. मी ते कोरियनमध्ये सांगितलं. गाडी ढकलणाऱ्या मावशींनी खरोखरच शिट्टी वाजवल्यासारखा आवाज काढला आणि त्यांना आत नेलं. आम्ही दोघी बहिणी बाहेर बाकावर बसलो. ताई एरवी घटकाभर गप्प राहत नाही, तिच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. मला त्या शांततेची भीती वाटली, म्हणून मी मुद्दाम तिच्याशी भांडण उकरून काढलं. तिच्या सुपात मीठ कमी असतं म्हटलं. तिनंही भांडून घेतलं आणि आम्हा दोघींना जरा बरं वाटलं.

गाठ दिसत होती तेवढी काढली. मग तिचा तुकडा तपासून आला आणि डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावलं. ते बराच वेळ बोलले. ही गाठ मेंदूत उठणाऱ्या गाठींत सगळ्यात आडदांड जातीची आहे. वाळूत पाणी जिरावं तशी ती कडेकडेनं आत जिरते, त्यामुळं पुरती कधीच निघत नाही. किरणं देऊ, गोळ्या देऊ, काही चांगला काळ मिळेल, पण ती परत येते. शक्य तोवर खरं ते सांगावं असं त्यांचं मत होतं. ते बोलत असताना ताईनं मेजाखालून माझी मांडी चिमटीत धरली होती. आमच्यात वाईट बोलून दाखवलं की ते दार ओळखून घरात येतं. मी दाजींना सांगितलं, “गाठ वाईट होती, काढली. आता किरणं आणि गोळ्या.”

दाजींनी आधी डॉक्टरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. “एवढा वेळ बोलले ते. तेवढंच?”

“कोरियन भाषा लांबलचक आहे, दाजी.”

“तुंगा,” ते म्हणाले, “मी ठोका मारला की लोखंड मला खोटं सांगत नाही. तू माझी मेहुणी असून सांगतेस?”

मग मी सगळं सांगितलं. ताईनं चिमटा सोडला आणि तोंड फिरवलं. दाजी बराच वेळ आपल्या पट्टी बांधलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मला वाटलं आता रडतील, आणि ते रडले असते तर मीही रडले असते. पण त्यांनी एकच विचारायला सांगितलं, घरी जाता येईल ना. “आईकडं माझा एक गाल राहिलाय,” ते म्हणाले. “तेवढा सोडवल्याशिवाय मला कुठंच जाता येणार नाही.” हे वाक्य कोरियनमध्ये सांगताना मला फार कष्ट पडले. डॉक्टरांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, उन्हाळ्यात नक्की.

किरणांचे आठवडे कसे गेले ते काय सांगायचं. रोज तोंडावर जाळीचा मुखवटा घालून त्यांना मेजाला जखडायचे. केस गळाले, ते थकले, उलट्या झाल्या, चिडचिड करायला लागले. ताटाच्या डाव्या कडेला नर्सनं लाल पट्टी चिकटवली होती, ती दिसेपर्यंत मान वळवायची असा नियम. आमच्यासारखे उपचाराला आलेले आपल्या देशातले लोक दवाखान्यामागच्या एका वसतिगृहात राहत, तिथं संध्याकाळी ताई मीठ घातलेला दुधाचा चहा करायची आणि सगळे जमायचे. दाजी त्यांना सांगायचे, माझं जग डावीकडं संपतं, पण ही कोरियन माणसं म्हणतात तिकडंही काहीतरी आहे. एवढी शिकलेली माणसं म्हणतायत तर असेल.

उन्हाळ्यात आम्ही परत आलो. फलाट पुन्हा भरला होता. संघातले गडी सूर धरून उभे होते. देजिद आई पुढं आली. दाजी टक्कल पडलेल्या डोक्यानं, ताईच्या खांद्यावर हात ठेवून उतरले आणि त्यांनी मोठ्या ऐटीत मान वळवून डावा गाल पुढं केला.

“पुन्हा जायचंय का तिकडं?” आईनं विचारलं.

“तपासणीला जावं लागेल, आई. दर दोनतीन महिन्यांनी.”

“मग तू अजून आलेला नाहीस,” देजिद आई म्हणाली आणि वळून चालायला लागली.

लोकांना वाटलं म्हातारीला भ्रम झाला. ताई तर भयंकर चिडली. एवढ्या लांबून आजारी माणूस आला आणि ही बाई दारातच हिशेब करते, असं ती मला म्हणाली. मलाही राग आला होता, आणि मी राग गिळणाऱ्यांतली नाही. तशीच अंगणातल्या तिच्या लोकरी नमद्याच्या तंबूत गेले आणि म्हटलं, लेकराचं मन मोडून काय मिळवलंत? ती चुलीत शेण्या घालत होती. मला बस म्हणाली नाही.

“तो गाल माझ्यापाशी आहे ना,” ती म्हणाली, “तोवर त्याला यावंच लागणार. घेतला आणि तो मोकळा झाला, तर मग मी त्याला कशानं बोलावू?”

मी न सांगताच खाली बसले. तिनं मला चहा दिला. ताईला जाऊन मी हे सांगितलं, तेव्हापासून ताईनं सासूविरुद्ध शब्द काढला नाही.

पुढचं वर्ष चांगलं गेलं. खरंच चांगलं गेलं, हे मी उगाच म्हणत नाही. दाजी दर महिन्याला थोडे दिवस गोळ्या घेऊन आडवे पडायचे, बाकी दिवस हिंडायचे. मांडीवरच्या पट्टीच्या डाव्या टोकाला त्यांनी लाल दोरा बांधला आणि पुन्हा खेळायला बसले. नेम पूर्वीचा नव्हता, पण ज्या दिवशी एक हाड पडायचं त्या दिवशी गडी असा जल्लोष करायचे की गाडीची शिट्टी ऐकू येऊ नये. मामानंही येऊन त्यांची माफी मागितली, तीही आपल्या पद्धतीनं, एक अख्खी मेंढी दारात बांधून आणि न बोलता निघून जाऊन.

आणि तो गाल म्हणजे गावाची करमणूक झाली. प्रत्येक तपासणीहून परतल्यावर दाजी डावा गाल पुढं करायचे आणि आई मान हलवायची. ते तिला बनवायलाही बघत. ती दुपारी डुलकी घ्यायची तेव्हा हळूच जाऊन तिच्या नाकापाशी गाल नेऊन ठेवायचे. ती डोळे न उघडता त्यांचा कान पिरगाळायची. “चोर,” एवढंच म्हणायची. दाजी कान चोळत बाहेर येऊन आम्हाला सांगायचे, आज अगदी थोडक्यात हुकलं. मी त्या दोघांएवढी एकमेकांवर माया करणारी माणसं पाहिली नाहीत, आणि एकमेकांना इतकं छळणारीही नाहीत.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ताटातले बूझ पुन्हा डावीकडं उरायला लागले. ताईनं काही न बोलता ताट फिरवून दिलं. त्या रविवारी तिनं मला फोन केला, आणि आम्ही पुन्हा सोलला गेलो.

डॉक्टर सोकनी नवं चित्र लावलं. या वेळी मी एकही शब्द गाळला नाही. गाठ परत आली होती, आणि खोल उतरली होती. पुन्हा कापता येईल, पण फार थोडं. एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, त्यात घेता येईल, मात्र इथंच राहावं लागेल, बरेच महिने. गुण येईलच असं ते म्हणाले नाहीत. येणार नाही असंही म्हणाले नाहीत.

बाहेरच्या दालनात येऊन बसलो, तेव्हा ताई म्हणाली राहायचं. सगळं विकू म्हणाली, मी इथं भांडी घासेन म्हणाली. दाजी तिला बोलू देत होते. त्यांना आता शब्द शोधावे लागत आणि चालताना डावा पाय फरफटायचा. तिचं संपल्यावर त्यांनी उजव्या हातानं तिचा हात धरला.

“म्यादग, इथं राहिलो आणि इथंच गेलो, तर आईपाशी एक गाल उरेल. तो ती कुणाला देणार गं?”

ताई त्यांच्या हातावर डोकं ठेवून रडली. दवाखान्याचं ते दालन माणसांनी भरलेलं होतं, पण कुणी आमच्याकडं बघितलं नाही, त्याबद्दल मी त्या लोकांची आभारी आहे. शेवटी तीच उठली आणि तिनं डोळे पुसले. “चल,” ती म्हणाली, “देऊन टाकू तिचं तिला.” मी आत जाऊन डॉक्टरांना आमचा निर्णय सांगितला. ते आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले आणि दाजींसमोर कमरेत वाकून उभे राहिले. दाजींनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

आम्ही पोचलो तेव्हा वावटळी सुरू झाल्या होत्या. या वेळी देजिद आई फलाटावर नव्हती. एक शेजारीण तेवढी आम्हाला घ्यायला आली होती. घरी आलो, दाजींना खिडकीजवळ पलंगावर निजवलं, तरी आई तंबूतून बाहेर आली नाही. चहा करून शेजारच्या पोरीच्या हाती पाठवायची, वाळल्या दह्याच्या वड्या कुटून दुधात भिजवून पाठवायची, पण स्वतः यायची नाही. काय झालंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. आम्ही सगळं सामान परत आणलं होतं. एरवी मोठी पेटी सोललाच ठेवून यायचो.

दाजी रोज विचारायचे, आई आली का. आम्ही म्हणायचो, वारा आहे, थांबला की येईल. मला तिचा राग करता येईना. मी पहिल्यांदाच कुणाचा राग करू शकले नाही, आणि मला ते फार जड गेलं.

एका सकाळी वारा खरंच पडला. देजिद आई दारात उभी राहिली. तिनं तोच निळा अंगरखा घातला होता आणि केस विंचरले होते. खोलीत ताई होती, मी होते, मामा होता. भेटायला येणारे सगळे पलंगाच्या उजव्या अंगाला बसायचे, कारण डावीकडचं माणूस दाजींच्या लेखी नसायचंच. आई मुद्दाम वळसा घालून डाव्या अंगाला गेली. पलंगाच्या कडेला बसली, वाकली आणि डोळे मिटून तिनं लेकाचा डावा गाल हुंगला. बराच वेळ हुंगला. दाढीचे खुंट होते तिथं. ताई त्या बाजूची दाढी रोज करायची, त्या दिवशी राहिली होती.

दाजी उजवीकडं, दाराकडं तोंड करून पडले होते. ते म्हणाले, “म्यादग, वारा पडलाय. आई अजून कशी आली नाही?”

ताईनं तोंडावर हात दाबला. देजिद आई उठली, पलंगाला वळसा घालून उजवीकडं आली आणि त्यांच्यासमोर बसली. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला, जन्मभर उजळायचा तसाच.

“आई, मी आलोय,” ते म्हणाले. “आता परत जायचं नाही. माझी ठेव दे.”

“दिली रे. आत्ताच.”

“मला कळलं नाही.”

“मला कळलं,” आई म्हणाली. “आलास तू. पुरता आलास.”

दाजींनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यांच्या अंगावरचं कसलं तरी ओझं उतरलंय हे आम्हा सगळ्यांना दिसलं. आई तशीच बसून होती. मग तिनं दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं, जसं फलाटावर धरलं होतं, आणि उजवा गाल हुंगला. फक्त उजवा. मामानं मान खाली घातली. दाजींनी डोळे उघडले. त्यांनाही समजलं होतं.

“आणि दुसरा?” त्यांनी विचारलं.

“तो राहू दे,” देजिद आई म्हणाली. “मी तिकडं आले की घेईन.”

“सावकाश ये, आई,” दाजी म्हणाले. “मला काही घाई नाही.”